२४, १४ की २३? ग्रँड स्लॅममधला सगळ्यात अवघड विक्रम

पिंपळगाव बसवंतहून आठवड्यातून तीनदा मुलीला घेऊन नाशिकला आमच्या कोर्टवर येणाऱ्या एका पालकांनी मला विचारलं आहे: "मॅडम, जोकोविचची ग्रँड स्लॅम २४, मार्गारेट कोर्टचीही २४. मग खरा मोठा विक्रम कोणाचा? मुलगी तेरा वर्षांची आहे, वहीच्या मागच्या पानावर हे सगळे आकडे लिहून ठेवते. तिने त्यातला कोणता डोळ्यासमोर ठेवावा?" (ग्रँड स्लॅम म्हणजे टेनिसच्या ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धा, आणि २४ म्हणजे त्यांतली विजेतेपदं.) गेटपाशी गाडी चालू ठेवून दोन वाक्यांत सांगता येईल असा हा प्रश्न नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मत सांगते, कारणं मागून. विजेतेपदांच्या कुठल्याही संख्येपेक्षा मला रॉजर फेडररच्या सलग २३ उपांत्य फेऱ्या मोठ्या वाटतात. २००४ च्या विम्बल्डनपासून २०१० च्या ऑस्ट्रेलियन ओपनपर्यंत, साडेपाच वर्षं, हा माणूस एकाही ग्रँड स्लॅममध्ये उपांत्य फेरीच्या आधी हरला नाही. २६ वर्षं मुलांना शिकवल्यावर माझं हे मत बनलंय. मी स्वतः खेळायचे तेव्हा मलाही चषकांचीच संख्या मोठी वाटायची.

पण तुम्ही २४ बद्दल विचारलंत, तर ते आधी घेऊ. जोकोविचची २४ अशी: ऑस्ट्रेलियन १०, विम्बल्डन ७, अमेरिकन ४, फ्रेंच ३. शेवटचं २०२३ च्या अमेरिकन ओपनमध्ये, मेदवेदेवला हरवून. चारही स्पर्धा प्रत्येकी किमान तीनदा जिंकणारा तो एकटाच पुरुष. मार्गारेट कोर्टची २४ अशी: ऑस्ट्रेलियन ११, फ्रेंच ५, अमेरिकन ५, विम्बल्डन ३. यातली १३ विजेतेपदं १९६८ च्या आधीची आहेत, म्हणजे खुलं युग (व्यावसायिक खेळाडूंनाही प्रवेश) सुरू होण्याआधीची. ऑस्ट्रेलियन स्पर्धा तिने १९६० ते ६६ अशी सलग सात वर्षं जिंकली, त्या काळात युरोप-अमेरिकेतल्या फार थोड्या खेळाडू तिथं जात. प्रवास लांबचा आणि खर्चाचा, बक्षिसाची रक्कम नाही. म्हणून सेरेना विल्यम्सची २३ ही कोर्टच्या २४ पेक्षा भारी, असं पुष्कळजण म्हणतात. सेरेनाची सगळी खुल्या युगातली, पहिलं १९९९ मध्ये आणि शेवटचं २०१७ मध्ये, तेही पोटात बाळ असताना आणि एकही सेट न गमावता. हे वजन मला मान्य आहे.

तरीही मार्गारेट कोर्टला कमी लेखू नका. १९७० मध्ये तिने एकाच वर्षात चारही स्पर्धा जिंकल्या, आणि त्या वर्षीचा विम्बल्डनचा अंतिम सामना बिली जीन किंगविरुद्ध १४-१२, ११-९ असा झाला. दोनच सेट, पण गेम ४६, आणि कोर्टचा घोटा दुखावलेला. पहिलं मूल झाल्यावर ती परत आली आणि १९७३ मध्ये चारपैकी तीन स्पर्धा जिंकली. दुहेरी आणि मिश्र दुहेरी धरून तिची एकूण ६४ विजेतेपदं होतात, तिथपर्यंत अजून कोणी पोहोचलेलं नाही. आकडा कोणत्या काळात झाला हे विचारायचं ते त्याची किंमत कमी करण्यासाठी नाही, तर तो नीट कळावा म्हणून. मुलीला वहीत आकड्याशेजारी वर्ष लिहायला सांगा. नुसत्या आकड्याचा काही उपयोग नाही.

काळ किती फरक पाडतो ते रॉड लेव्हरवरून दिसतं. त्याने १९६२ मध्ये चारही स्पर्धा जिंकल्या, मग व्यावसायिक झाला, आणि त्या वेळी व्यावसायिकांना ग्रँड स्लॅममध्ये प्रवेश नव्हता. १९६३ ते ६७ ही पाच वर्षं गेली, म्हणजे २० स्पर्धा, त्याही ऐन भरातल्या. १९६८ मध्ये दारं उघडली आणि १९६९ मध्ये त्याने पुन्हा चारही जिंकल्या. एकेरीत दोन वेगवेगळ्या वर्षांत असं करणारा दुसरा कोणी नाही. त्याच्या नावावर एकूण ११ ग्रँड स्लॅम आहेत. यादीत तो बराच खाली दिसतो, आणि म्हणूनच अशा याद्यांवर माझा फारसा विश्वास नाही. दुसरी बाजूही आहे: त्या काळी चारपैकी तीन स्पर्धा गवतावर व्हायच्या, फक्त फ्रेंच मातीवर. १९६९ च्या ऑस्ट्रेलियन उपांत्य सामन्यात लेव्हरने टोनी रोशला हरवलं, त्यात ९० गेम झाले. दुसरा सेट २२-२० असा होता. टायब्रेक (६-६ झाल्यावर थोड्या गुणांत सेट संपवायचा नियम) तेव्हा नव्हताच.

स्टेफी ग्राफचं १९८८ हे मी स्वतः पाहिलेलं वर्ष. नाशिक रोडला आमच्या चाळीत एकाच घरी टीव्ही होता, दूरदर्शनवर विम्बल्डनचा अंतिम सामना लागला होता. समोर मार्टिना नवरातिलोवा, सलग सहा वर्षांची विजेती. स्टेफी पहिला सेट ५-७ हरली, दुसऱ्यात ०-२ मागे. मग तिने पुढच्या १३ पैकी १२ गेम जिंकले. ५-७, ६-२, ६-१. नवरातिलोवासारखी खेळाडू अशी हतबल झालेली मी त्याआधी पाहिली नव्हती. त्याच वर्षी फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात स्टेफीने नताशा झ्वेरेवाला ६-०, ६-० हरवलं होतं. मग अमेरिकन ओपन, आणि १ ऑक्टोबरला सोलला ऑलिंपिक सुवर्ण. तेव्हा ती १९ वर्षांची होती. चार ग्रँड स्लॅम आणि ऑलिंपिक सुवर्ण एकाच वर्षात, हे एकेरीत आणखी कुणाला, पुरुष असो की बाई, जमलेलं नाही. शिवाय तिने गवत, माती आणि हार्ड कोर्ट अशा तिन्ही प्रकारच्या मैदानांवर जिंकलं. ऑस्ट्रेलियन ओपन त्याच वर्षी गवतावरून हार्ड कोर्टवर गेलं होतं. एका वर्षाचा विक्रम विचाराल तर मी डोळे झाकून १९८८ म्हणेन.

आता नदाल. तुमच्या मुलीच्या वहीत १४ च्या भोवती तीनदा गोल केलेला मी पाहिलाय, म्हणून याच्यावर थोडं थांबते. फ्रेंच ओपनमध्ये तो १४ वेळा अंतिम फेरीत गेला आणि १४ वेळा जिंकला. तिथं तो एकूण ११६ सामने खेळला, त्यातले ११२ जिंकला, ४ हरला. २००९ मध्ये सोडरलिंगकडून, २०१५ आणि २०२१ मध्ये जोकोविचकडून, आणि २०२४ मध्ये पहिल्याच फेरीत झ्वेरेवकडून. एवढंच.

हे कसं झालं ते कोर्टवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. रोलाँ गॅरोसचं कोर्ट लाल दिसतं, पण विटांच्या चुऱ्याचा तो थर एक-दोन मिलिमीटरचाच असतो. खाली दाबून बसवलेली चुनखडी असते. वरच्या भुकटीत चेंडू क्षणभर धरला जातो, त्याचा वेग कमी होतो आणि तो वर उसळतो. त्यात नदालचा टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने दिलेली फिरकी. त्याच्या फोरहँडची फिरकी मोजली तेव्हा ती सरासरी मिनिटाला ३२०० फेऱ्यांच्या आसपास भरली. सँप्रास-आगासीच्या पिढीची १८०० च्या आसपास होती. तो चेंडू उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बॅकहँडला, म्हणजे डाव्या बाजूला, खांद्याच्या वर येतो. मुलीला एकदा बॅकहँडच्या बाजूला उभी करा आणि खांद्याच्या उंचीवर वीस चेंडू टाका. अकराव्या-बाराव्या चेंडूला मनगट गळायला लागेल. फेडररसारख्याला त्या माणसाने वर्षानुवर्षं तिथंच बांधून ठेवलं.

पण मला नदालचं सगळ्यात मोठं वाटतं ते २०२०. करोनामुळे त्या वर्षी स्पर्धा मे-जूनऐवजी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाली. पॅरिसमध्ये थंडी, माती ओली, चेंडू नव्या कंपनीचा आणि जड. त्याचा टॉपस्पिन उसळणार नाही, यंदा तो जिंकत नाही, असं जाणकारही म्हणत होते. निफाड तालुक्यातली तुमची मुलगी हे लगेच समजेल. डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेसहाला ती कोर्टवर येते तेव्हा चेंडू गुडघ्याच्या वर येतच नाही, एप्रिलच्या दुपारी तोच छातीपर्यंत येतो. अशा थंडीत नदालने अंतिम सामन्यात जोकोविचला ६-०, ६-२, ७-५ हरवलं आणि पूर्ण स्पर्धेत एकही सेट गमावला नाही. चेंडू उसळत नाही म्हटल्यावर त्याने उसळीची वाट पाहिली नाही. तो अर्धं पाऊल पुढे आला आणि सपाट मारायला लागला.

मग १४ च्या वर मी २३ का ठेवते?

कारण नदालचा विक्रम एका मातीवरचा आहे, वर्षातल्या एका पंधरवड्याचा. फेडररचा विक्रम गवत, माती, हार्ड कोर्ट अशा सगळ्यांवरचा, वर्षातून चार वेळा. उपांत्य फेरी गाठायला प्रत्येक स्पर्धेत पाच फेऱ्या ओलांडाव्या लागतात. २३ स्पर्धा म्हणजे ११५ फेऱ्या. त्यातल्या एका दिवशी जरी पाठ धरली, पोट बिघडलं, समोरच्याला लय सापडली, तरी मालिका संपली असती. त्या २३ पैकी १४ स्पर्धा त्याने जिंकल्या, ६ अंतिम फेरीत हरला, ३ उपांत्य फेरीत. खुल्या युगात त्याआधीचा आकडा इव्हान लेंडलचा होता, १०. नंतर जोकोविच १४ पर्यंत गेला. १० आणि १४ च्या शेजारी २३ ठेवून बघा.

तुमची द्राक्षबाग आहे, म्हणून तुमच्या भाषेत सांगते. एखाद्या हंगामात माल भरघोस निघतो, दर लागतो, पंचक्रोशीत नाव होतं. पण भुरी, डावणी हे रोग, अवकाळी, गारपीट या सगळ्यांतून वीस-बावीस हंगाम सलग निर्यातीचा माल काढणारा शेतकरी किती गावांत सापडतो? त्याच्याकडे बघून तुम्ही काय शिकता? गोडी छाटणीची तारीख तो कशी ठरवतो, ढग दिसले की रात्री उठून काय करतो, हेच ना. मला फेडररच्या त्या साडेपाच वर्षांकडे तसं बघायचं असतं.

दोन प्रसंग सांगते. २००८ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तिसऱ्या फेरीत यान्को टिप्सारेविचने त्याला पाचव्या सेटमध्ये १०-८ पर्यंत खेचलं. त्या काळात फेडररला मोनोन्यूक्लिओसिस झाला होता, अंगात शक्ती नसते त्या आजारात, हे नंतर बाहेर आलं. तरी तो उपांत्य फेरीत पोहोचला.

दुसरा प्रसंग माझ्या जास्त जवळचा. २००९ ची फ्रेंच ओपन. ३१ मे रोजी सोडरलिंगने नदालला हरवलं, तिथं सलग ३१ सामने जिंकलेल्या नदालला. सगळं जग म्हणालं, आता फेडररला रान मोकळं. दुसऱ्याच दिवशी चौथ्या फेरीत फेडरर टॉमी हासविरुद्ध पहिले दोन सेट हरून बसला. तिसऱ्यात ३-४ मागे असताना सर्व्हिस त्याची, आणि ३०-४०. तो पॉइंट गेला असता तर हासने ५-३ वर सामना जिंकायला सर्व्हिस केली असती. चेंडू फेडररच्या बॅकहँडच्या कोपऱ्याकडे आला. तो पळत वळसा घालून त्याच्या बाहेर गेला आणि तिथून फोरहँड तिरका मारला, उजवीकडच्या रेषेजवळ. विजयी फटका. नंतरचे सेट ६-४, ६-०, ६-२. पुढे तो ती स्पर्धा जिंकला, त्याची आयुष्यातली एकमेव फ्रेंच ओपन.

त्या फटक्यात धाडस सगळ्यांना दिसतं. मी मुलांना त्याचे पाय दाखवते. दोन सेटभर फोरहँड लागत नसताना, त्या क्षणीही त्याने पाच छोटी पावलं टाकली आणि चेंडूपासून अंतर बरोबर ठेवलं. घाबरलेला खेळाडू आधी पाय थांबवतो, मग हात आखडतो. तुमच्या मुलीचंच बघा. मागच्या महिन्यात एका स्पर्धेत तिने पहिल्या मानांकित मुलीला हरवलं आणि पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या गावी पहिल्या फेरीत हरली. मी तिथं होते. वारा सुटला होता, टॉस (सर्व्हिससाठी वर फेकलेला चेंडू) उजवीकडे जात होता. तिने टॉस खाली आणला नाही, वेग कमी केला नाही, पहिल्या सर्व्हिसला रेषाच शोधत राहिली. ११ डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकून गेलेला गुण) मी मोजले. तिच्यात खेळ कमी नव्हता. वाईट दिवशी काय खेळायचं हे तिला अजून ठरवता येत नाही, आणि तेराव्या वर्षी ते येतही नाही. ते शिकवणं माझं काम आहे.

याच गोष्टीत मुलींसाठी आणखी जवळचं नाव म्हणजे ख्रिस एव्हर्ट. १९७१ मध्ये १६ वर्षांची असताना ती पहिली अमेरिकन ओपन खेळली आणि उपांत्य फेरीत गेली. त्यानंतर ज्या ज्या ग्रँड स्लॅममध्ये खेळली त्या प्रत्येकीत किमान उपांत्य फेरी, अशा ३४ स्पर्धा, थेट १९८३ पर्यंत. १९८३ च्या विम्बल्डनला आजारी अवस्थेत कॅथी जॉर्डनकडून तिसऱ्या फेरीत हरली तेव्हा ती मालिका तुटली. मधल्या काही स्पर्धा ती खेळली नव्हती, त्यामुळे फेडररच्या २३ शी थेट तुलना होत नाही, पण ३४ हा आकडा वहीत असायलाच हवा. १९७४ ते ८६ अशी १३ वर्षं तिने दरवर्षी किमान एक ग्रँड स्लॅम जिंकलं. तिच्याकडे जोरकस सर्व्हिस नव्हती. खोल, सरळ, न चुकणारा चेंडू होता.

फेडररची मालिका २०१० च्या फ्रेंच ओपनमध्ये उपांत्यपूर्व फेरीत तुटली. तोडणारा पुन्हा रॉबिन सोडरलिंगच. एका वर्षाच्या अंतराने, त्याच मैदानावर, दोन सगळ्यात मजबूत मालिका एकाच माणसाने संपवल्या. त्याने स्वतः एकही ग्रँड स्लॅम जिंकलं नाही, २००९ आणि २०१० अशा दोन्ही वर्षी तो अंतिम फेरीत हरला. त्याचं नाव कुठल्याही यादीत नसतं, पण टेनिस कळणाऱ्या माणसाला ते कायम आठवतं.

काही विक्रमांवर वेळ घालवू नका. इस्नर आणि माहूतचा २०१० च्या विम्बल्डनमधला सामना तीन दिवस चालला, ११ तास ५ मिनिटं, पाचवा सेट ७०-६८. मुलांना ही गोष्ट फार आवडते. पण आता चारही स्पर्धांत पाचव्या सेटला ६-६ वर दहा गुणांचा टायब्रेक होतो, त्यामुळे तो विक्रम नियमानेच बंद झाला. मोडता येण्यासारखं काही हवं असेल तर एमा रादुकानू दाखवा: २०२१ ची अमेरिकन ओपन, पात्रता फेरीतून आलेली १८ वर्षांची मुलगी, १० सामने आणि एकही सेट न गमावता विजेती. पात्रता फेरीतून येऊन ग्रँड स्लॅम एकेरी जिंकणारी ती एकमेव.

आपल्या माणसांबद्दल न बोलता हे उत्तर पुरं होणार नाही. एकेरीत आपण रामनाथन कृष्णन यांच्या १९६० आणि ६१ च्या विम्बल्डन उपांत्य फेरीपुढे गेलेलो नाही. दुहेरीत मात्र आपलं नाव मोठं आहे. लिएंडर पेसची दुहेरी आणि मिश्र दुहेरी मिळून १८ ग्रँड स्लॅम, महेश भूपतीची १२, सानिया मिर्झाची ६. १९९९ मध्ये पेस-भूपती चारही स्पर्धांच्या अंतिम फेरीत गेले. २००३ मध्ये पेसबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची मिश्र दुहेरी जिंकली तेव्हा नवरातिलोवा ४६ वर्षांची होती, आणि २००६ मध्ये बॉब ब्रायनबरोबर अमेरिकन ओपन जिंकली तेव्हा ४९ वर्षांची. रोहन बोपण्णा जानेवारी २०२४ मध्ये मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला तेव्हा ४३ वर्षांचा होता. खुल्या युगात पुरुष दुहेरीचं ग्रँड स्लॅम जिंकणारा तो सगळ्यात वयस्कर खेळाडू ठरला. त्याच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजून गेली होती आणि अय्यंगार योगाने त्याला पुन्हा उभं केलं, हे तो स्वतः सांगतो. आमच्याकडे दुहेरीला अजूनही "एकेरीत जमलं नाही म्हणून" असं बोललं जातं. मला याचा राग येतो. सर्व्हिसनंतरची पहिली व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला चेंडू), जोडीदाराची चाल ओळखणं, नेटवरची ती अर्ध्या सेकंदाची नजर, हे शिकायला वर्षं लागतात. तुमच्या मुलीची नेटवरची नजर चांगली आहे. तिला दुहेरी खेळू द्या, नाही म्हणू नका.

राहिली वही. आकडे लिहू द्या, त्यांनीच मुलं खेळाच्या प्रेमात पडतात. फक्त पुढच्या स्पर्धेपासून प्रत्येक सामन्यानंतर तिने तीन गोष्टी लिहाव्यात: पहिली सर्व्हिस किती वेळा आत पडली, डबल फॉल्ट किती झाले, आणि आज कोणता फटका लागत नव्हता व त्याऐवजी तिने काय खेळलं. हरली तरी लिहायचं. पालकांनी ते पान बघून रागवायचं नाही, नाहीतर ती खरं लिहिणार नाही. सर्व्हिसचा टॉस आम्ही या आठवड्यापासून हातभर खाली आणतोय. भिंतीसमोर रॅकेटशिवाय रोज पन्नास टॉस, गच्चीवर वारा असेल तेव्हा मुद्दाम. तेवढं घरी करून घ्या.

आणि हासविरुद्धचा तो सामना माझ्याकडे आहे. रविवारी पाच वाजता या, कोर्टला पाणी मारून रोलर फिरेपर्यंत अर्धा तास मिळतो, तेवढ्यात तिला तो एक पॉइंट दाखवते. आवाज बंद ठेवून, फक्त पाय बघायचे.